खूर पावसाळ्यात घडतो

दस्तुरी नाक्यावर गाडी लावून माथेरानकडे निघालेल्या माणसाची घोड्याशी ओळख होते ती दराच्या घासाघिशीतून. बाजारपेठेपर्यंत किती, पॅनोरमा पॉइंटला किती, लहान मुलाला पुढे बसवलं तर चालेल का. सौदा ठरेपर्यंत गिऱ्हाईक घोड्याचा रंग बघतं, कपाळावरचा पांढरा पट्टा बघतं, लगामाचे गोंडे बघतं. पायांकडे कुणी बघत नाही. जाणता घोडेवाला मात्र सकाळी आधी पाय बघतो. पुढचा एखादा पाय घोडा जरा पुढे सरकवून हलकाच टेकवतोय का, वळताना अडखळतोय का, खुराला हात लावला तर तो नेहमीपेक्षा गरम लागतोय का. पाय गेला की घोडा गेला आणि घोडा गेला की घरची कमाई गेली, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

माथेरान ही पायाची कसोटी पाहणारी जागा आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौकच्या बाजूने हा डोंगर चढला, पुढे बंगले उठले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली. मोटार मात्र दस्तुरीपाशीच अडली. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर आजही गावाच्या रस्त्यांवर इंजिनाची गाडी चालत नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केल्यावर ही बंदी आणखी पक्की झाली. त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या पठारावर माणसं आणि सामान नेण्याचा मोठा भार साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोड्यांवर राहिला. आणि याच पठारावर वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

घोडा हा मुळात कोरड्या, मोकळ्या गवताळ मुलखाचा प्राणी. आपल्याकडच्या नावाजलेल्या जातीही तशाच भागांतल्या. मारवाडी वाळवंटाच्या कडेचा, काठियावाडी सौराष्ट्राचा. मराठी फौजेत नाव कमावलेलं भीमथडीचं तट्टू भीमेच्या खोऱ्यातलं, म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं. अशा जनावराला चार महिने चिखलात, धुक्यात आणि ओल्या गोठ्यात उभं केलं की पहिली तक्रार खूर करतो. ही तक्रार ऐकायची कुणी आणि तिच्यासाठी पैसे खर्चायचे कुणी, हा या लेखाचा विषय. त्याच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे, आणि तो समजायला आधी खूर समजून घ्यावा लागतो.

एका बोटाचं नख

घोडा उभा असतो तो प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर, मधल्या बोटावर. बाकीची बोटं उत्क्रांतीच्या ओघात नाहीशी झाली आणि उरलेल्या बोटाच्या नखाने सगळं टोक वेढून टाकलं. तो खूर. आपल्या नखात आणि केसात असतं तेच केरॅटिन त्यातही असतं. बाहेरचं कठीण कवच, खाली किंचित खोलगट तळवा आणि तळव्याच्या मधोमध मागच्या बाजूने पुढे निमुळता होत गेलेला लवचिक त्रिकोण. या त्रिकोणाला पशुवैद्यक ‘फ्रॉग’ म्हणतात. कवच आणि तळवा जिथे जुळतात तिथे फिकट रंगाची एक रेघ असते. नालबंदाची सगळी विद्या या रेघेभोवती फिरते. रेघेच्या बाहेर निर्जीव कवच, आत रक्त आणि मज्जातंतू.

आतली रचना त्याहून नवलाची. खुराच्या आतलं हाड कवचाला चिकटलेलं असतं ते एकमेकांत गुंतलेल्या शेकडो पातळ पापुद्र्यांनी. एका खुरात असे सुमारे सहाशे पापुद्रे, आणि प्रत्येकाला पुन्हा शंभराहून अधिक बारीक उपपापुद्रे. साडेतीनशे-चारशे किलोंच्या जनावराचं वजन या जोडणीवर लटकलेलं असतं. उभ्या घोड्याचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणून लंगडण्याची तक्रारही बहुधा पुढच्या पायांची. पाऊल पडलं की टाचेकडचा भाग किंचित फाकतो, उचललं की आवळतो. या हालचालीने धक्का शोषला जातो आणि खालचं रक्त वर ढकलायलाही मदत होते. बांधून ठेवलेल्या घोड्याच्या पायाला सूज येते त्याचं एक कारण हेच.

आता हिशेब. खूर वाढतो वरून खाली, जिथे कातडी संपते त्या कडेपासून. वेग महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर. टाचेचा भाग चार-सहा महिन्यांत नवा होतो, पुढच्या टोकाला मात्र नऊ महिने ते वर्ष लागतं. महिन्याला आठ मिलिमीटर वाढ आणि समोरच्या कवचाची उंची आठ सेंटिमीटर धरली, तर जुलैत वरच्या कडेला तयार झालेला थर जमिनीला टेकतो तो पुढच्या मे महिन्यात. त्याआधी दोन-अडीच महिने तो खिळे ठोकायच्या पट्ट्यात येऊन पोचलेला असतो. मे म्हणजे माथेरानचा भर हंगाम. शाळांना सुट्ट्या, मुंबईत उकाडा, दस्तुरीवर रांगा. त्या गर्दीत पर्यटक ज्या खुरांवर बसून पॉइंट बघतात, त्यांच्या समोरचा खालचा भाग आदल्या पावसाळ्यात घडलेला असतो. तेव्हा घोड्याने काय खाल्लं, तो आजारी होता का, पोटभर दाणा होता का, हे सगळं त्या थरात उतरतं. उपासमारीच्या किंवा तापाच्या दिवसांच्या आडव्या वळ्या खुरावर उमटतात आणि नालबंद त्या वाचू शकतो.

पाणी काय करतं

खुराला पाण्याचं वावडं नाही. उलट पाणी हा त्याचा घटकच आहे. बाहेरच्या कवचात साधारण पाव भाग पाणी असतं, तळव्यात एक तृतीयांश आणि फ्रॉगमध्ये जवळपास निम्मं. बिघडतं ते हे प्रमाण सुटलं की. सतत ओल्यात राहिलेला तळवा मऊ पडतो. एरवी ज्या खड्यावरून घोडा सहज गेला असता तोच खडा आता टोचतो. आणि ओलीपेक्षाही वाईट असते ती ओल आणि कोरडेपणाची आलटापालट. कवच फुगतं, आक्रसतं, पुन्हा फुगतं. प्रत्येक फेऱ्यात खिळ्यांची भोकं थोडी सैल होतात. पावसाळाभर भिजलेला खूर ऑक्टोबरच्या उन्हात तडकतो. सैल झालेली नाल एखाद्या दगडात अडकून निघते ती एकटी निघत नाही, कवचाचे तुकडे घेऊन निघते. मग पुढच्या वेळी खिळा मारायला धड जागा उरत नाही.

ओल्या दिवसांतल्या दुखण्यांत पहिला क्रमांक फ्रॉगच्या सडण्याचा. डॉक्टर त्याला ‘थ्रश’ म्हणतात. फ्रॉगच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये ज्या खाचा असतात त्यांत शेण, मूत, चिखल भरून राहतो, हवा पोचत नाही, आणि हवेविना वाढणारे जंतू तिथे घर करतात. काळपट चिकट स्राव आणि न विसरता येणारी दुर्गंधी ही त्याची खूण. पाय उचलताच नाकाला निदान होतं. सुरुवातीला घोडा लंगडत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. खाच खोल जाऊन जिवंत भागाला भिडली की मग लंगडतो.

दुसरं दुखणं त्या फिकट रेघेचं. ती खुराची सगळ्यात कच्ची जागा. ओलीने ती फुगली, खूर वाढून बाहेर फाकला, की तिच्यातून वाळू, जंतू आणि बुरशी आत शिरतात. कवच आतून पोकळ होत जातं. वरून खूर धडधाकट दिसतो, हातोडीने ठोकलं की पोकळ आवाज येतो. तिसरं दुखणं पू धरण्याचं. मऊ तळव्यातून एखादा खडा आत गेला, आत पू झाला, की कठीण कवचात त्याला पसरायला जागा नसते. काल सवारी घेऊन आलेला घोडा आज सकाळी पाय टेकवायला तयार नसतो. पाय मोडला असावा अशी घाबरगुंडी उडते. जाणकाराने चिमट्याने दाबून नेमकी जागा शोधायची, बारीक वाट करून पू काढायचा, कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून शेकायचं, स्वच्छ पट्टी बांधायची. पू निघताच घोडा तासाभरात पाय टेकवायला लागलेला पुष्कळांनी पाहिलाय. खुराच्या वर, टाचेमागच्या खळग्यात ओल्या चिखलाने खपल्या धरतात आणि कातडी चिरते, ते चौथं दुखणं. तिथले खपलीखालचे जंतू ओलीवरच पोसले जातात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावाकडे पावसाळ्यात जनावराचा पाय बिघडला की तोंडात पहिलं नाव येतं लाळ्या खुरकुताचं. तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर. घोड्याला तो होत नाही. खुरकुताची लस घोड्याच्या कामाची नाही. त्याला हवी असते ती धनुर्वाताची. धनुर्वाताच्या विषाला घोडा फार लवकर बळी पडतो, आणि शेणमातीत पडलेला एखादा गंजका खिळा तळव्यात घुसणं हा त्या जंतूंचा सरळ रस्ता.

औषधांची यादी जुनी आहे. मोरचूद, आयोडिन, डांबर, कडुलिंबाचं तेल. यांतलं प्रत्येक औषध कुठे ना कुठे उपयोगी पडतं आणि प्रत्येकाचा अतिरेकही होतो. मोरचुदाचं तीव्र पाणी सडलेला भाग जाळतं तसं जिवंत मांसही जाळतं. ओल्या खुरावर वरून चकचकीत तेलाचा थर दिला तर ओल आतच कोंडते. आधी सडकं काढून टाकणं, धुणं, पुसून कोरडं करणं, आणि मग औषध. दोन हजार चारशे वर्षांपूर्वी अथेन्सच्या झेनोफोनने घोडेस्वारीवर लिहिताना हेच मूळ पकडलं होतं. ओली आणि गुळगुळीत जमीन चांगल्या खुरालाही बिघडवते, म्हणून तबेल्याची जमीन उताराची असावी आणि तिच्यात खुराच्या आकाराचे दगड बसवलेले असावेत, असं त्याचं म्हणणं. कोकणातल्या किंवा माथेरानच्या घोड्यासाठी आजही याहून वेगळं सांगावं लागत नाही. उताराची जमीन, मूत वाहून जायला पन्हळ, खाली मुरूम, वर कोरडा पेंढा किंवा भाताचा तूस, आणि तो भिजला की बदलायचा. मुतातून सुटणारा अमोनिया केरॅटिन झिजवतो. म्हणजे पावसात भिजण्यापेक्षा छपराखाली स्वतःच्या मुतात उभं राहणं खुराला जास्त महागात पडतं.

नालबंदाचा हात

नालबंदाला पाहायला उभं राहिलं की आधी लक्षात येतं ते त्याचं वाकणं. घोड्याचा पाय स्वतःच्या मांड्यांत किंवा मांडीवर घेऊन, कंबरेत दुमडून तो काम करतो. घोडा उभाच असतो आणि कंटाळला की आपलं वजन त्याच्यावर टाकतो. जुन्या खिळ्यांची वळलेली टोकं सरळ करायची, पकडीने नाल टाचेकडून हळूहळू सोडवायची, वाढलेलं कवच कापायचं, वाकड्या सुरीने सडका फ्रॉग आणि सुटलेला तळवा तासायचा, कानशीने पातळी साधायची. मग नाल खुरावर धरून बघायची, ऐरणीवर ठोकून तिला खुराचा आकार द्यायचा. खूर नालेच्या मापाचा करायचा नाही, नाल खुराच्या मापाची करायची, हा या धंद्यातला पहिला धडा. घाईत असलेला माणूस उलटं करतो. बाजारातली तयार नाल ठोकतो आणि बाहेर आलेलं कवच कानशीने घासून टाकतो.

नालेच्या खिळ्याचं टोक एका बाजूने उतरतं असतं. ती बाजू आत ठेवून ठोकलं की खिळा बाहेर वळतो आणि कवचातून साधारण दोन सेंटिमीटरवर डोकावतो. तिथे तो तोडून, वळवून, बसवून टाकायचा. आत जाताना खिळ्याचा आवाज बदलतो. कठीण कवचात तो ठणठणीत वाजतो, मऊ भागात शिरला तर बोदा. पावसाळ्यात ओलं कवच आवाजच बदलून टाकतं, म्हणून या दिवसांत अनुभवी हातही सावध असतो. खिळा जिवंत भागाला लागला तर घोडा तिथेच झटका देतो. जवळून गेला तर दोन-तीन दिवसांनी लंगडतो आणि दोष रस्त्याला दिला जातो.

एवढं कौशल्य लागणाऱ्या कामाला आपल्याकडे ना परवाना लागतो ना परीक्षा. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाने घोड्याला नाल मारणं हा गुन्हा आहे, आणि नोंदणीआधी वर्षानुवर्षांची उमेदवारी करावी लागते. लंडनच्या नालबंदांच्या संघाची परंपरा १३५६ पर्यंत मागे जाते. त्याला राजाची सनद मिळाली १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच साली. भारतात शिस्तीचं प्रशिक्षण मिळतं ते मुख्यतः लष्करात, मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात. ब्रुक इंडियासारख्या संस्था उत्तरेत वीटभट्ट्यांवरच्या आणि टांग्यांच्या घोड्यांसाठी नालबंद शिकवतात. बाकी सगळी विद्या बापाकडून मुलाकडे.

महाराष्ट्रात ही विद्या बरीचशी मुस्लिम कुटुंबांत टिकली. नालबंद हे आडनाव पश्चिम महाराष्ट्रात आजही भेटतं. पण त्यांची मुख्य कमाई घोड्यावर नाही, बैलावर आहे. गळीत हंगामात साखर कारखान्यांवर उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना पत्र्या मारायच्या असतात. तो वेगळा खेळ. बैलाला दोराने आडवा पाडतात, पाय बांधतात, दुभंगलेल्या खुराच्या प्रत्येक भागाला वेगळी पातळ पत्री बसते. बैलाला पत्री मारणारा प्रत्येक जण घोड्याचा नालबंद होऊ शकत नाही. घोड्याचा नालबंद कमी होत चाललाय, कारण घोडाच कमी होत चाललाय. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक. मुंबईत २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या. निर्णय घोड्यांच्या हालअपेष्टा बघता समजण्याजोगा होता, पण त्या गाड्यांबरोबर त्यांच्या नालबंदांचंही काम आटलं. जिथे गिऱ्हाईक विरळ, तिथे कारागीर फेऱ्या मारत नाही. आणि खुराला तर दर सहा-आठ आठवड्यांनी फेरी हवी.

छावणीचे चार महिने

मराठी राज्याने हा प्रश्न ओळखला होता. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचं वर्षाचं वेळापत्रक दिलेलं आहे. पावसाळ्यात फौज छावणीला यायची. तिच्यासाठी दाणा, वैरण, औषधं आधीच साठवलेली असायची, घोड्यांसाठी घरं गवताने शाकारून तयार असायची. दसरा झाला की कूच. म्हणजे पावसाळा हा घोड्यासाठी रिकामा वेळ नव्हता. तो पुढच्या मोहिमेच्या तयारीचा वेळ होता आणि त्याचा खर्च सरकार उचलत होतं.

१६७० च्या दशकात, पावसाळ्याच्या तोंडावर, चिपळूण भागातल्या हलवर्ण इथे तळ दिलेल्या पागेच्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका या ताकिदीसाठी ते नेहमी आठवलं जातं. पण ते पत्र घोड्यांच्या पावसाळ्याचंही आहे. दाणावैरण आत्ताच बेहिशेबी उडवली तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा रोख. गवताच्या गंज्यांजवळ आगट्या नकोत, रात्री दिवा नको, उंदराने जळती वात ओढून नेली तरी सगळं जळेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जातं. चिपळूणच्या पावसात घोडा जगवायचा तर जूनचा दाणा मे महिन्यातच मोजून ठेवला पाहिजे, ही समज त्यामागे आहे.

फौजेत दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. घोडा मेला तर बारगीर दुसऱ्यावर बसे, शिलेदार मात्र बुडे. म्हणून पेशवाईत मोहिमेआधी शिलेदाराला घोडं आणि सरंजाम उभा करण्यासाठी आगाऊ रोकड देत, तिला नालबंदी म्हणत. कमाई व्हायच्या आधी घोड्याच्या पायावर खर्च करावा लागतो आणि तो एकट्या घोडेवाल्याला झेपत नाही, हे राज्यकर्त्यांनी मानलेलं होतं.

माथेरानचा घोडेवाला आज शिलेदार आहे. घोडा त्याचा, दाणा त्याचा, नाल त्याची, दुखणं त्याचं. मेपर्यंत कमाई असते. जूनच्या मध्याला नेरळची गाडी बंद होते, फक्त अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी चालू राहते. पावसाळी शनिवार-रविवार सोडले तर गिऱ्हाईक तुरळक. घोड्याचं पोट मात्र तेवढंच आणि खुराची वाढही तेवढीच. उलट हिरव्या गवताने आणि विश्रांतीने ती थोडी जास्तच. हाताशी पैसा नसताना पहिली काटछाट होते ती नालबंदाच्या फेरीत. घोडा उभाच तर आहे, नाल कशाला बदलायची? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण वाढलेला खूर पुढे लांबतो, सगळा ताण टाचेच्या शिरांवर येतो, फिकट रेघ फाकते, आणि तिच्यात चिखल शिरतो. उभ्या घोड्याची नाल काढून ठेवून पाय अनवाणी ठेवता येतो, पुष्कळ घोड्यांना ते मानवतंही. पण त्यालाही दर सहा-आठ आठवड्यांनी कानस लागतेच.

याच पावसात, याच सह्याद्रीच्या पलीकडे, शर्यतीचे घोडे उत्तम पायांवर धावत असतात. पुण्याच्या रेसकोर्सचा हंगामच जुलै ते ऑक्टोबर. मुंबईच्या महालक्ष्मीला तेव्हा सुट्टी असते. शर्यतीच्या घोड्याला ॲल्युमिनियमची हलकी नाल, ती तीन-चार आठवड्यांत बदलली जाते. पाय रोज धुतले, पुसले, कोरले जातात, लंगडण्याची शंका आली तर डॉक्टर हजर. पुण्याचा पाऊस माथेरानच्या तुलनेत किरकोळ हे खरं. पण खुरांच्या तब्येतीतला फरक केवळ मिलिमीटरने समजत नाही. पुण्याच्या घोड्यासाठी पावसाळा हा कमाईचा काळ आहे आणि माथेरानच्या घोड्यासाठी उधारीचा. खुराची निगा कॅलेंडरमागे न जाता पैशामागे जाते, तिथे खरं दुखणं आहे.

पायाखालची वाट

माथेरानची जमीन जांभ्या दगडाची. लाल, खरबरीत, पाणी पिणारी. उन्हाळ्यात तिची धूळ होते, पावसात ती वाहून जाते, म्हणून काही वर्षांपासून मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले गेले. धूप थांबावी हा हेतू. पण ओल्या, शेवाळलेल्या ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते, अशी घोडेवाल्यांची तक्रार होती आणि ती न्यायालयापर्यंत गेली. यात अतिशयोक्ती नाही. गुळगुळीत लोखंड आणि ओला गुळगुळीत पृष्ठभाग यांच्यात पकड धरायला काही नसतं. जांभ्यात नाल किंचित रुतते आणि पाणी मुरतं. ब्लॉकवर दोन्ही होत नाही. घोडा घसरला की स्वार पडतोच, पण घोड्याच्या मांडीचे स्नायू आणि सांधे दुखावतात. आणि एकदा घसरलेला घोडा पुढे आखडून चालतो.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानवर निकाल दिला. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणाव्यात असं सांगितलं. पेव्हर ब्लॉकला दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर मुभा दिली, आतले रस्ते आणि पायवाटा मात्र त्यातून वगळल्या. म्हणजे घोड्याला दोन्ही प्रकारच्या वाटा वापराव्या लागणार. नालबंदीत याला उत्तरं आहेत. तळाशी खाच असलेली नाल, जिच्या खाचेत माती भरून पकड येते. टाचेकडे कठीण मिश्रधातूचे टोकदार माथे असलेले खिळे. पण जास्त पकडीचाही तोटा आहे. पाऊल जरासुद्धा सरकलं नाही तर सगळा पीळ गुडघ्याखालच्या सांध्यांवर येतो. किती पकड द्यायची हे घोडा, वाट आणि वजन बघून ठरवावं लागतं. ते ठरवणारा माणूस दर सहा-आठ आठवड्यांनी हमखास येणारा हवा. वजनाचा मुद्दाही सोडून चालणार नाही. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टूच्या पाठीवरची मर्यादा ७० किलो आहे. नियमात आकडा असतो, दस्तुरीवर वजनकाटा नसतो.

ई-रिक्षा वाढल्या की घोड्यांचं काम कमी होईल, काही घोडे जातीलही. जे राहतील त्यांची गरज मात्र बदलणार नाही. म्हणून आत्ताच एक गोष्ट करता येण्याजोगी आहे आणि ती फार खर्चिकही नाही. हंगामातल्या प्रत्येक फेरीच्या भाड्यातला एक छोटा वाटा घोडेवाल्यांच्या संघटनेने किंवा नगरपरिषदेने बाजूला काढावा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत प्रत्येक घोड्यामागे नालबंदाच्या दोन-तीन फेऱ्या, एक धनुर्वाताची लस आणि पशुवैद्यकाची एक तपासणी त्यातून आगाऊ भागवावी. पावसाळ्यात उभं राहायला सामाईक, उताराचे, मुरूम टाकलेले गोठे असावेत. परवान्याचं नूतनीकरण करताना घोड्याचे चारही पाय उचलून बघावेत. रोज खूर कोरणं आणि पुसणं घोडेवाल्याने करायचं, त्याला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात.

गिऱ्हाइकालाही यात काम आहे. सौदा करताना घोड्याचा पुढचा पाय उचलून दाखवा म्हणावं. नाल घट्ट आहे का, फ्रॉगच्या खाचेत घाण आणि वास आहे का, कवच नालेच्या बाहेर ओघळलंय का, एवढं कुणालाही दिसतं. पाय चांगला असेल तर भाव करू नये. कारण त्या पायाचा खर्च त्या माणसाने जुलैत, एकही गिऱ्हाईक नसताना केलेला असतो. आणि ज्याने तो केला नाही त्याच्या घोड्याचा पाय भर मे महिन्यात, चढावर, पाठीवर माणूस असताना दगा देतो. चुकलेल्या फेरीचे पैसे तेव्हा वसूल होतात, आणि ते भरतो घोडा.